कवयित्रीच्या असामान्यपणाचे पुरावे

माणूस असामान्य आहे हे सरकारला पटवून देणं हा माझा व्यवसाय आहे. त्या माणसाला स्वतःला ते पटलेलं असो वा नसो.

मी सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला एका छोट्या इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. वकील मी नाही. नागपूरला एलएल.बी. केलं होतं, पण इथे त्याला कुणी विचारत नाही. वकील कॅरल आहे. सही तिची, फाईल माझी, अशी आमची गेल्या अठरा वर्षांची वाटणी. त्याआधीची सात वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून होते, कारण त्या व्हिसावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. त्या सात वर्षांत मी फॉर्म इतके वाचले की शेवटी त्यातच नोकरी धरली.

परक्या माणसाला अमेरिकेत काम करायचे रस्ते बरेच आहेत. आपल्या लोकांना बहुधा एकच ठाऊक असतो, कंपनीने अर्ज करायचा आणि लॉटरीत नाव निघायची वाट बघायची. दुसरा एक रस्ता असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठी आहे. तुम्ही असामान्य आहात का, हे कायदा एका यादीवरून ठरवतो. मोठं बक्षीस मिळालंय का? वर्तमानपत्रांनी दखल घेतलीय का? इतरांच्या कामाचं परीक्षण करायला तुम्हाला बोलावतात का? क्षेत्रातले मान्यवर तुमच्याबद्दल काय म्हणतात? यादीतले ठरावीक मुद्दे कागदोपत्री सिद्ध झाले की तुम्ही असामान्य. त्यासाठी आम्ही चारशे-चारशे पानांच्या फाईली बांधतो. त्या फाईलवर निर्णय घेणारा अधिकारी आम्हाला कधी दिसत नाही. त्याचं फक्त पत्र येतं.

नेहमीचे क्लायंट सॉफ्टवेअरवाले. पण मधूनच एखादा वेगळा येतो आणि त्यावर आमचं वर्ष निघतं. बेल्जियमचा एक चॉकलेटचे पुतळे करणारा होता. त्याने पुरावा म्हणून अख्खा पूलच पाठवून दिला, दोन फूट लांब. आम्ही तो मीटिंगच्या खोलीत ठेवला. सोमवारी बघितलं तर पुलाचा एक खांब गायब. तो खाल्ल्याचं आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही, पण कॅरल त्या विषयावर बोलत नाही एवढं मी सांगू शकते. आयर्लंडचा एक गृहस्थ गुरांच्या प्रदर्शनात गाईंना नंबर देणारा परीक्षक होता. 'इतरांच्या कामाचं परीक्षण' या मुद्द्यावर त्याच्यासारखा पुरावा मी पुन्हा पाहिला नाही. पण कॅरल म्हणाली, "शुभदा, यात 'इतर' कोण? गाई की गाईंचे मालक?" दोन दिवस आमचा त्यावर खल चालला होता. मालक, असं ठरलं.

या सगळ्यांत मला सगळ्यात छळलं ते एका इंग्लिश कवयित्रीने. तिला मी नोरीन म्हणते. खरं नाव वेगळं आहे. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नावं बदलली आहेत, चुका मात्र जशाच्या तशा आहेत.

नोरीन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात छोटं कॉलेज आहे. त्यांनी तिला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. आठवड्यातून दोन दिवस मुलांना शिकवायचं, बाकीचे दिवस स्वतःचं लिहायचं. सप्टेंबरात सत्र सुरू होणार. तोवर ती पोचली नाही तर ती जागा त्या वर्षी रद्द, आणि पुढच्या वर्षी कॉलेज ती ठेवेलच याची खात्री नाही.

पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा आमच्याकडे सकाळचे आठ, तिच्याकडे दुपारचे चार. स्वयंपाकघरात बसली होती, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"बोल, लव्ह," ती म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. नंतर कळलं की तिच्या भागात बसचा ड्रायव्हरसुद्धा सगळ्यांना 'लव्ह' म्हणतो.

मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. ही नोकरी तुम्हाला कशासाठी हवी आहे? सॉफ्टवेअरवाले यावर पाठ केलेलं उत्तर देतात. नोरीनने जरा विचार केला.

"सोळाव्या वर्षापासून काम करतेय. बिस्किटांच्या कारखान्यात, मासे कापायच्या शेडमध्ये, मग व्हॅनवर. कविता उरलेल्या वेळात. 'बाई, तू लिही, जेवणाचं आम्ही बघतो' असं मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणतंय. आणखी दहा वर्षांनी म्हणाले असते तर बहुतेक उपयोग झाला नसता."

मी वहीत लिहिलं: शैक्षणिक व सर्जनशील संधी.

मग तिची कारकीर्द काढायला बसलो. इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या गावात जन्म. वडील मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे. तिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक, चौतिसाव्या वर्षी दुसरं, त्याला मोठं बक्षीस. मग अकरा वर्षं काही नाही. मग तिसरं पुस्तक, ते खूप गाजलं. मग चौथं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात असं झालं:

"नोरीन, हे बक्षीस राष्ट्रीय पातळीवरचं आहे ना?"

"आहे, पण त्या वर्षी फारसं कुणी लिहिलंच नव्हतं."

"या वर्तमानपत्रात तुमच्यावर पान भरून लेख आलाय."

"त्या दिवशी त्यांना जाहिरात मिळाली नसेल."

"तुम्ही स्पर्धेच्या परीक्षक होतात."

"ज्यांना बोलावलं होतं त्या आजारी पडल्या."

"नोरीन, प्लीज. हे असलं मला सांगत जाऊ नका."

"तूच म्हणालीस, खरं सांगा."

आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की 'आम्ही केलं' म्हणू नका, 'मी केलं' म्हणा. त्यांना ते दोन भेटींत जमतं. या बाईला 'मी कवी आहे' एवढं म्हणवेना. "लिहिते थोडंफार," म्हणायची. तिच्याकडच्या लोकांची रीतच ती. स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे चारचौघांत पदर पसरल्यासारखं वाटतं त्यांना. एरवी मला अशी माणसं आवडतात. फाईलमध्ये परवडत नाहीत.

"मधली अकरा वर्षं काय केलंत?" मी विचारलं.

"व्हॅन चालवली. फिरतं वाचनालय होतं. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक गावाला जायचं. नंतर कौन्सिलने ते बंद केलं."

"आणि कविता?"

"ते काय, चालू असतं," ती म्हणाली आणि उठून किटली लावायला गेली.

अकरा वर्षांचं भगदाड आमच्या धंद्यात वाईट. कायद्याला सातत्य लागतं. मी सुचवलं, कौटुंबिक कारण लिहू या. माझ्या स्वतःच्या बायोडाटात त्या सात वर्षांपुढे मी तेच लिहिलं होतं.

"कुटुंब ठणठणीत होतं," ती म्हणाली. "खोटं लिहू नकोस."

मग मी ती वर्षं तशीच सोडून दिली आणि मान्यवरांच्या पत्रांवर भर दिला.

या पत्रांची गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. क्षेत्रातला मोठा माणूस लिहितो की अमुक अमुक यांचं काम असामान्य आहे. प्रत्यक्षात मोठ्या माणसांना वेळ नसतो, आणि सरकारला काय लागतं हे त्यांना ठाऊकही नसतं. म्हणून मसुदा आम्ही करतो. ते वाचतात, दुरुस्त करतात, सही करतात. सगळीकडे हेच चालतं आणि यात बेकायदा काही नाही, सही करणाऱ्याने नीट वाचलं असेल तर.

नोरीनसाठी पत्र देणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव होतं ऑब्री नावाच्या एका ऐंशी वर्षांच्या कवीचं. त्याचा मसुदा मी एका शुक्रवारी केला. कोरा कागद घेऊन कुणी बसत नाही. जुनं चांगलं पत्र उघडायचं, 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, आणि नाव, गाव, काम बदलत जायचं. मी उघडलं संदीपचं.

संदीप म्हणजे पुण्याचा आमचा एक क्लायंट. ऑनलाइन दुकानांच्या यंत्रणा सांभाळतो. त्याच्या एका पत्रात माझं एक आवडतं वाक्य होतं. त्या वाक्याने त्याचं काम झालं असं माझं मत होतं, आणि ते मी ऑफिसात दोन-तीनदा बोलूनही दाखवलं होतं. ऑब्रीच्या पत्रात मी 'त्याच्या' ठिकाणी 'तिच्या' केलं, 'अल्गोरिदम' तिथे 'कविता' केलं, 'अभियांत्रिकी' तिथे 'साहित्य' केलं. पत्र गेलं. चार दिवसांनी सही होऊन परत आलं. फाईल सरकारकडे गेली. मी पुढच्या फाईलला लागले.

जूनमध्ये अधिकाऱ्याचं पत्र आलं. आणखी पुरावे द्या, नाहीतर अर्ज फेटाळू. दोन मुद्दे होते. पहिला, अकरा वर्षांच्या खंडात अर्जदार आपल्या क्षेत्रात कार्यरत असल्याचं दिसत नाही. दुसरा मी उभ्याने वाचला आणि मग खाली बसले. तो साधारण असा होता: पुराव्यातील अमुक क्रमांकाच्या पत्रात 'तिच्या कामामुळे नाताळच्या विक्रीच्या गर्दीतही यंत्रणा एकदाही कोलमडली नाही' असं म्हटलं आहे. अर्जदाराच्या कवितांचा याच्याशी असलेला संबंध स्पष्ट करावा. तसंच ही पत्रं पत्रलेखकांनीच लिहिली आहेत का, हेही स्पष्ट करावं.

ते माझं आवडतं वाक्य.

कॅरलच्या खोलीत गेले आणि पत्र टेबलावर ठेवलं. तिने वाचलं. चष्मा काढला. परत घातला.

"ऑब्रीने वाचून सही केली ना?"

"मी आत्ताच फोन केला होता. म्हणाले, वाचलं होतं. नाताळात तिची पुस्तकं बरी खपतात असा अर्थ लावला त्यांनी. बाकीची भाषा अमेरिकन असेल म्हणून सोडून दिली."

कॅरल हसायच्या बेतात होती, पण सावरली. "धिस इज बॅड, शुभदा. आता सगळ्याच पत्रांवर त्याचा विश्वास उडणार. तिला तूच सांग. आज."

अठरा वर्षांत मी क्लायंटला वाईट बातमी अनेकदा दिली होती. माझ्यामुळे झालेली वाईट बातमी ही पहिलीच. सरळ सांगून टाकलं. काय केलं, कसं झालं, चूक कुणाची.

नोरीन हसली. ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं आणि आणखी हसली. डोळे पुसले. मग एकदम थांबली.

"कॉलेज किती दिवस थांबेल?"

"सत्र सुरू होईपर्यंत. त्यापुढे नाही."

"आणि हे जमलं नाही तर?"

"तर नाही."

 मी पुढचं बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू? तू माझी एखादी तरी कविता वाचलीस का?"

चार पुस्तकं माझ्या कपाटात सहा महिने होती. मी त्यांच्या मुखपृष्ठांच्या झेरॉक्स काढल्या होत्या, बक्षिसाच्या उल्लेखाचं पान काढलं होतं, मागच्या बाजूचे अभिप्राय काढले होते.

"नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे, लव्ह," ती म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मुलीला पोहायच्या क्लासला सोडलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून पहिलं पुस्तक उघडलं. शाळेनंतर मी कविता वाचली नव्हती. पहिल्या पाच-सहा डोक्यावरून गेल्या. सातवी त्या मासे कापायच्या शेडमधली होती. थंडीने बोटं बधिर झालेल्या बायका एकमेकींच्या अंगठ्या सांभाळतात, एवढीच. ती मी दोनदा वाचली. मुलगी ओल्या केसांनी गाडीत येऊन बसली.

"आई, व्हाय आर यू रीडिंग?"

"ऑफिसचं काम आहे."

"यू नेव्हर रीड फॉर वर्क."

बरोबर होतं तिचं.

तिसरं पुस्तक उघडलं आणि मी ताठ बसले. त्याचं नाव 'दुसरा मंगळवार'. खंडानंतर आलेलं, गाजलेलं ते हेच. प्रत्येक कवितेचं नाव म्हणजे व्हॅनचा एक थांबा आणि वेळ. 'चर्चसमोर, सव्वादहा ते पावणेअकरा.' 'पुलापलीकडे, दुपारी दोन, बर्फ नसल्यास.' एक म्हातारी दर खेपेला विणकामाचं एकच पुस्तक नेते आणि तेच परत करते. एक निवृत्त पोस्टमन कादंबऱ्या नेतो ते त्यातल्या पोस्टमनच्या चुका शोधायला. मी हसले सुद्धा. आणि प्रत्येक कवितेच्या खाली, बारीक अक्षरात, महिना आणि वर्ष. मी पानं उलटत गेले. अकरा वर्षांतलं एकही वर्ष सुटलं नव्हतं.

मला ज्याचा पुरावा हवा होता तो माझ्याच कपाटात पडला होता. मुखपृष्ठाच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉल लावला. "नोरीन, या कविता त्या त्या वेळी कुठे छापल्या होत्या का?"

"नाही गं. म्हणजे व्हॅनच्या दारावर लावायचे. लोक वाचायचे, बरंवाईट सांगायचे. पोस्टमन दुरुस्त्या सांगायचा. गावागावांची पत्रकं असतात, त्यात ते लोक छापायचे. पण त्याला काय छापणं म्हणायचं?"

"छापायचे? अकरा वर्षं?"

"चर्चच्या केकविक्रीच्या जाहिरातीशेजारी, शुभदा."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू असामान्य काय आहे ते विचारलंस. हे नव्हतं."

 ती पत्रकं लागतील म्हटलं. ती कां कू करायला लागली. त्या लोकांना कशाला त्रास, आणि आपणच आपली कात्रणं मागायची म्हणजे शोभत नाही.

"तुम्ही मागू नका, मी मागते," मी म्हटलं. "मी परकी आहे, मला शोभतं."

मी बावीस गावांना पत्रं लिहिली. पंधरा गावांतून पाकिटं आली. चहाचे डाग पडलेली, घड्या पडलेली पत्रकं. एका बाईने तिच्या वहीत चिकटवलेली सगळी कात्रणं वहीसकट पाठवली आणि खाली लिहिलं, 'काम झालं की वही परत हवी आहे.'

ती पाकिटं मीटिंगच्या खोलीत पसरून मी वर्षवार लावत होते तेव्हा संदीप काहीतरी सही करायला आला. बरोबर त्याची आई, पुण्याहून आलेली. काकूंनी नोरीनचं पुस्तक उचलून उलटंसुलटं पाहिलं.

"ही बाई काय करते गं?"

"कविता करते, काकू."

"आणि?"

"आणि काही नाही."

"म्हणजे नुसत्या कवितांवर अमेरिकेत? आणि आमच्या संदीपला तू सतरा कागद मागितलेस!"

"आई, चल ना यार," संदीप म्हणाला.

"थांब रे. चांगल्या आहेत का पण?"

हा प्रश्न सहा महिन्यांत कुणी विचारला नव्हता. सरकारनेही नाही. "चांगल्या आहेत," मी म्हटलं. "खरंच चांगल्या आहेत."

"मग दे की तिला व्हिसा," काकू म्हणाल्या, जणू तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

त्या दिवसांत मला एक जुना क्लायंट पुन्हा पुन्हा आठवला. राजस्थानचा एक कठपुतळीवाला. त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. त्याच्या फाईलमध्ये प्रमाणपत्रं होती, फोटो होते, मंत्र्याबरोबरचा फोटोसुद्धा होता. त्याने मला दोनदा म्हटलं होतं, "मॅडम, एकदा खेळ तो देखिए." मी म्हटलं, व्हिडिओ पाठवा, पुराव्याला जोडते. जोडला. पाहिला नाही. पाहिला असता तर त्याचं काम झालं असतं असं मी म्हणत नाही. पण ते मला कळलं असतं, आता कधीच कळणार नाही.

राहिला दुसरा मुद्दा, पत्रं कुणी लिहिली. कॅरलपुढे दोन मार्ग होते. टायपिंगची चूक म्हणायचं आणि पुढे जायचं, किंवा जे झालं ते सांगायचं. "मसुदा मी केला, चूक माझी आहे, असं शपथपत्र मी देते," मी म्हटलं. असं लेखी कुणी देत नाही. मसुदे सगळेच करतात आणि सगळेच गप्प राहतात. माझं नाव एकदा त्या कागदावर आलं की पुढच्या फाईलींवरही ते कुणाच्या लक्षात राहू शकतं.

"शुअर?" कॅरलने विचारलं.

"दुसरं काय करणार? कवितांचा आणि नाताळच्या विक्रीचा संबंध तर मला सापडत नाहीये."

ऑब्रीला सांगितलं, नवं पत्र तुमचं तुम्ही लिहा, मी हात लावणार नाही. एका आठवड्याने आलं. पाच ओळी. त्यात होतं की तो पन्नास वर्षं कविता लिहितो आहे, नोरीनचं तिसरं पुस्तक वाचल्यावर त्याने स्वतःच्या तीन कविता फाडून टाकल्या, आणि त्याबद्दल त्याला वाईट वाटत नाही. बास. 'असामान्य' नाही, 'आंतरराष्ट्रीय ख्याती' नाही, माझ्या यादीतला एक शब्द नाही. माझे हात शिवशिवत होते. निदान एक परिच्छेद तरी घालू दे, असं कॅरलला म्हटलं.

"हात लावणार नाही म्हणालीस ना?"

लावला नाही.

उत्तर गेलं. पत्रकांची वर्षवार यादी, प्रत्येकासमोर पुस्तकातली तीच कविता, सोबत व्हॅनच्या मार्गाचा नकाशा, माझं शपथपत्र, ऑब्रीच्या पाच ओळी. पाठवायच्या आधी नोरीनला सगळं दाखवलं. तिने शांतपणे पानं चाळली.

"हे एवढं सगळं मी केलं?" म्हणाली.

"तुम्हीच केलं."

"बरीच वर्षं दिसतात एकत्र ठेवली की."

मग वाट बघणं. ऑगस्टचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कॉलेजच्या ऑफिसातून रोज ईमेल यायचं, 'काही अपडेट?' नोरीनचं एकदाही आलं नाही. मीच एकदा लिहिलं, काळजी करू नका. तिचं उत्तर, 'करत नाही. तू करतेयस असं दिसतं.'

मंजुरी आली ती सत्र सुरू व्हायला सतरा दिवस उरले असताना. एका ओळीचा कागद. कोणता पुरावा पटला, कोणता नाही, हे ते कधीच सांगत नाहीत. लंडनच्या वकिलातीत तिला आठव्या दिवशी तारीख मिळाली, पासपोर्टवर शिक्का बसला, आणि सत्राच्या दोन दिवस आधी तिचं विमान सिअ‍ॅटलला उतरणार होतं.

मी क्लायंटना आणायला विमानतळावर जात नाही, नियमच आहे माझा. गेले. कारण व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असं नसतं. विमानतळावरचा अधिकारी शेवटचा. त्याला शंका आली तर तो आत बसवून ठेवतो, क्वचित परतही पाठवतो. आणि या फाईलमध्ये शंका घ्यायला जागा मीच करून ठेवली होती.

विमान दोनला उतरलं. तीन वाजले. त्या विमानातली काही माणसं बाहेर येऊन गेली. साडेतीन. तिचा फोन बंद. मी कॅरलला मेसेज केला, ती म्हणाली, थांब. चारला मी मनातल्या मनात कॉलेजला पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला लागले. सवय.

सव्वाचारला दार सरकलं आणि एक ठेंगणी बाई ट्रॉली ढकलत आली, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. आठ महिने तिला मी पडद्यावर बघत होते, तरी क्षणभर ओळखलं नाही. तिने मला बरोबर ओळखलं.

"काय झालं? आत बसवलं होतं का?" मी विचारलं. नमस्कार-चमत्कार राहूनच गेला.

"नाही गं. एकाच वेळी चार विमानं उतरली होती. सगळा हॉल भरलेला." तिने ट्रॉली माझ्याकडे दिली. "खिडकीत एक तरुण पोरगा होता. बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मला वाटलं, झालं आता. मग म्हणाला, तुम्ही कवी आहात? म्हटलं, हो, आहे."

"मग?"

"म्हणाला, मग म्हणून दाखवा एक."

"आणि?"

"म्हटली."

मी चालता चालता थांबले. "कोणती म्हटलीत?"

"छोटीशी," नोरीन म्हणाली. "मागे माणसं खोळंबली होती."